लांबचे आणि अंधारातले : दुर्बिणीच्या इतिहासाविषयी

दुर्बीण विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा : हिच्यातून किती लांबचे दिसते? प्रश्न साधा वाटतो, पण त्याला उत्तर नाही. निरभ्र, काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी आपल्याला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसतो. त्याचा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो. तेव्हा 'लांबचे दिसणे' ही डोळ्याची अडचण नव्हेच. अडचण ही की लांबची वस्तू लहान दिसते आणि तिच्याकडून आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश थोडा असतो. दुर्बिणीवर 7×50, 8×42 असे जे आकडे कोरलेले असतात, त्यांतला पहिला पहिल्या अडचणीचा आणि दुसरा दुसरीचा. वस्तू किती पट मोठी दिसेल हे पहिला सांगतो. पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास किती मिलिमीटर आहे हे दुसरा. गिऱ्हाईक पहिल्या आकड्याकडे पाहते. दुर्बिणीचा चारशे वर्षांचा इतिहास मात्र मुख्यतः दुसऱ्या आकड्याचा, म्हणजे प्रकाश जमवण्याचा आणि वाचवण्याचा, इतिहास आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हा प्रकाश कोणासाठी वाचवला गेला, हेही त्यासोबत पाहावे लागते.

शब्दापासून सुरुवात करू. 'दुर्बीण' आपल्याकडे फार्सीतून आली. 'दूर' आणि 'बीन', म्हणजे पाहणारा. 'खुर्दबीन' म्हणजे बारीक पाहणारे यंत्र, सूक्ष्मदर्शक. आणि उर्दूतला 'तमाशबीन' म्हणजे तमाशा पाहणारा माणूस. पाहणारे यंत्र आणि पाहणारा माणूस यांना एकच प्रत्यय लागावा, यात मौज आहे. पुढे नाट्यगृहात गेल्यावर तिची आठवण येईल. 'दूरदर्शक' हा संस्कृत पर्याय पाठ्यपुस्तकांपलीकडे फारसा गेला नाही आणि 'दूरदर्शन' हा शब्द दुसऱ्याच यंत्राने पळवला. मराठीची एक गैरसोय मात्र राहिली. आकाश पाहण्याची एका नळीची दुर्बीण आणि गळ्यात अडकवायची दोन नळ्यांची दुर्बीण, दोघींना शब्द एकच. पक्षिनिरीक्षक दुसरीला 'द्विनेत्री' म्हणतात, बाकीचे सरळ बायनॉक्युलर. इथे विषय आहे तो या दुसरीचा.

ही दोन नळ्यांची कल्पना पुष्कळ उशिरा सुचली असावी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती दुर्बिणीइतकीच जुनी आहे. 1608 च्या ऑक्टोबरमध्ये मिडलबर्गचा चष्मे बनवणारा कारागीर हान्स लिपरशे याने लांबचे पाहण्याच्या आपल्या साधनाचा एकाधिकार मिळावा म्हणून हेग येथे स्टेट्स जनरल या डच प्रांतांच्या संयुक्त सभेकडे अर्ज केला. त्या वेळी हेगमध्ये स्पेनशी युद्धतहाच्या वाटाघाटी चालू होत्या. सभासदांनी यंत्र पाहिले आणि लगेच एक सुधारणा सुचवली : हे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून द्या. किंमत ठरली नऊशे गिल्डर. तीनशे आगाऊ, उरलेले काम झाल्यावर. भिंगे काचेची नकोत, स्फटिकाची हवीत, अशीही अट होती, कारण त्या काळच्या काचेत बुडबुडे आणि रेषा फार. लिपरशेने डिसेंबरपर्यंत दोन नळ्यांचे यंत्र करून दिले. ते पसंत पडले, आणखी दोनांची मागणीही आली. पण एकाधिकार नाकारण्यात आला, कारण एव्हाना ही युक्ती इतरांनाही ठाऊक झाली होती.

या प्रसंगात पुढच्या इतिहासाची बरीच बीजे सापडतात. पहिले गिऱ्हाईक राज्यसंस्था. पहिली तक्रार काचेच्या प्रतीची. आणि पहिली मागणी आरामाची, कारण एक डोळा मिटून फार वेळ टेहळणी करता येत नाही. गॅलिलिओ म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला 1610 मधले गुरूचे चंद्र आठवतात. परंतु त्याआधी, 1609 च्या ऑगस्टमध्ये, त्याने व्हेनिसच्या सरदारांना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन समुद्रातली जहाजे दाखवली होती, आणि शत्रूचे गलबत नुसत्या डोळ्याला दिसण्याच्या दोन तास आधी दिसते, हा मुद्दा पुढे केला होता. चंद्र नंतर आले, पगारवाढ आधी.

पण दोन नळ्या ही गोष्ट कारागिराची परीक्षा पाहणारी. दोन्ही नळ्या अगदी समांतर हव्यात आणि दोन्हींतून दिसणारी प्रतिमा सारख्याच आकाराची हवी. किंचित फरक पडला तरी डोळे ती चूक भरून काढण्याची धडपड करतात आणि थोड्या वेळात डोके दुखू लागते. (स्वस्त दुर्बिणींत आजही हाच दोष सर्वांत जास्त आढळतो.) सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेरुबँ द'ओर्लेआँ या धर्मगुरूने दोन नळ्यांची यंत्रे केली, परंतु ती रूढ झाली नाहीत. पुढे दोनशे वर्षे सेनापतींच्या आणि खलाशांच्या हातात एका नळीची दुर्बीणच राहिली.

दोन नळ्यांची दुर्बीण समाजात खऱ्या अर्थाने शिरली ती रणांगणावरून नव्हे, नाट्यगृहातून. 1823 मध्ये व्हिएन्नाच्या योहान फ्रीडरिश फोइग्टलेंडर याने नाटक पाहण्याची लहान दुर्बीण बाजारात आणली. रचना गॅलिलिओचीच : पुढे बहिर्वक्र भिंग, डोळ्याशी अंतर्वक्र. प्रतिमा सुलट दिसते, नळी आखूड राहते. परंतु तीनचार पटींच्या पुढे गेले की दिसणारे वर्तुळ इतके लहान होते की काठीच्या टोकाला बांधलेल्या छिद्रातून पाहावे तसे वाटते. नाटकाला तेवढ्या पटी पुरत. शिंपल्याच्या नाहीतर हस्तिदंताच्या मुठीची ही दुर्बीण एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या उच्चवर्गीय पोशाखाचाच भाग झाली.

ती रंगमंचाकडे किती वेळ रोखलेली असे, हा वेगळा प्रश्न. ईडिथ वॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स' (1920) या कादंबरीचा आरंभ ऑपेरात होतो, आणि तिथे दुर्बिणी फिरतात त्या गायिकेवरून समोरच्या सज्जांतल्या माणसांवर. याहून नेमके उदाहरण मेरी कॅसट या चित्रकर्तीच्या 1878 च्या 'इन द लोज' या चित्राचे. काळ्या पोशाखातली एक स्त्री नाट्यगृहाच्या सज्जात पुढे झुकून दुर्बिणीतून पाहते आहे. आपल्याला तिची बाजू दिसते. ती काय पाहते ते दिसत नाही. दूर मागे, रंगाच्या चारदोन फटकाऱ्यांत काढलेला एक पुरुष सज्जावर रेलून दुर्बीण लावून बसला आहे आणि त्याची दुर्बीण थेट तिच्यावर रोखलेली आहे. चित्रापुढे उभे राहिलेले आपण तिसरे पाहणारे. 'तमाशबीन' हा शब्द इथे यंत्रालाही लागतो आणि माणसालाही. स्त्री ही पाहण्याची वस्तू, या तोवरच्या चित्रपरंपरेत कॅसटने पाहणारी स्त्री उभी केली, हे समीक्षकांनी पुष्कळदा म्हटले आहे. तिला तेवढे स्वातंत्र्य मिळाले तरी कोणीतरी तिलाही निरखतो आहे, हे तिने लपवले नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हीच नाटकाची दुर्बीण घेऊन अकरा वर्षांनी एक तरुण अमेरिकन स्त्री झाडाखाली जाऊन बसली. फ्लॉरेन्स मेरियम हिचे 'बर्ड्स थ्रू अ‍ॅन ऑपेरा-ग्लास' हे पुस्तक 1889 चे. त्या काळी पक्षिशास्त्र बंदुकीच्या नळीतून चाले. पक्षी मारायचा, कातडे सोलून भुसा भरायचा, खण लावलेल्या पेटीत ठेवायचा. ओळख पटवायची ती मेलेल्या पक्ष्याची. हिंदुस्थानात अ‍ॅलन ह्यूम यांनी जमवलेला असा संग्रह ऐंशी हजारांच्या आसपास होता आणि तो 1885 मध्ये ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला. (काँग्रेसच्या स्थापनेचे हेच ते वर्ष आणि हेच ते ह्यूम.) मेरियमने महाविद्यालयात असतानाच टोप्यांवर पिसे खोवण्याच्या फॅशनविरुद्ध मोहीम चालवली होती. पक्षी न मारता ओळखता येतो, हे तिच्या पुस्तकाचे म्हणणे तीनचार पटींच्या त्या साध्या दुर्बिणीवर उभे होते. मुंबईत 1896 मध्ये जन्मलेल्या सलीम अली यांच्या आयुष्यात हे दोन्ही कालखंड सापडतात : पिवळ्या गळ्याची चिमणी छर्‍याच्या बंदुकीने पाडणारा मुलगा, सर्वेक्षणांसाठी नमुने गोळा करणारा शास्त्रज्ञ, आणि 1941 च्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'मुळे हजारो वाचकांच्या हातात दुर्बीण देणारा लेखक. मारुती चितमपल्लींच्या लेखनातले पक्षी जिवंत, घरटी करणारे, पिलांना भरवणारे आहेत; त्यामागेही पाहण्याची ही बदललेली रीत आहे.

आता काचेकडे वळू. गॅलिलिओच्या रचनेची मर्यादा केप्लरने 1611 मध्येच कागदावर ओलांडली होती. दोन्ही भिंगे बहिर्वक्र घेतली की दृश्याचे वर्तुळ मोठे मिळते, पण प्रतिमा उलटी होते आणि नळी लांब. 1854 मध्ये इग्नात्सिओ पोरो या इटालियन अभियंत्याने यावर सुंदर तोड काढली. काचेच्या दोन काटकोनी लोलकांतून प्रकाशाला चार वेळा परावर्तित करायचे. प्रतिमा सुलट होते आणि प्रकाशाची वाट घडी घातल्यासारखी आखूड होते. कल्पना निर्दोष होती, काच नव्हती. प्रकाशाला जाड लोलकांतून इतका प्रवास करायचा म्हणजे काच अगदी एकजिनसी हवी, आणि तशी कोणी ओतत नव्हते. कार्ल झाइसच्या येना येथील कारखान्यातला भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यालाही 1870 च्या दशकात स्वतंत्रपणे हेच सुचले आणि तोही काचेपाशीच अडला. 1884 मध्ये ओटो शॉटने येनालाच प्रयोगशाळा काढून नव्या प्रकारच्या प्रकाशीय काचा बनवायला सुरुवात केली. त्यानंतर 1893 मध्ये झाइसने एकस्व मागितले तेव्हा पोरोचे नाव पुढे आले. मग झाइसने एकस्व घेतले ते वस्तुभिंगांतले अंतर डोळ्यांतल्या अंतरापेक्षा अधिक ठेवण्याच्या रचनेवर. तिच्यामुळे खोलीची जाणीव वाढते. खांदे बाहेर काढलेली जी दुर्बीण आपण चित्रांत पाहतो, ती ही 1894 ची.

वीस वर्षांत तिचे राजकीय परिणाम दिसले. 1914 मध्ये युद्ध पेटले तेव्हा ब्रिटन आपली बहुतांश प्रकाशीय काच परदेशांतून, मुख्यतः जर्मनीतून, आणत होता. शत्रूला पाहण्याचे डोळे शत्रूकडूनच घ्यावे लागावेत, अशी ती अवस्था. 1915 मध्ये स्वित्झर्लंडमार्गे जर्मनीकडेच दुर्बिणींची चौकशी झाल्याची नोंद ब्रिटिश युद्धसाहित्य मंत्रालयाच्या अधिकृत इतिहासात आहे. व्यवहार पुढे किती गेला यावर इतिहासकारांत वाद आहे. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा नौदलाचे उपमंत्री फ्रँक्लिन रूझवेल्ट होते. त्यांनी नागरिकांना घरच्या दुर्बिणी नौदलाला उसन्या देण्याचे आवाहन केले. फुकट काही घेण्यास कायद्याची आडकाठी होती, म्हणून प्रत्येकीमागे एक डॉलर दिला गेला. पन्नास हजारांवर साधने जमली. पक्षी पाहण्याच्या आणि घोड्यांच्या शर्यतींच्या कितीतरी दुर्बिणी अशा रीतीने पाणबुड्या शोधायला निघाल्या.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारपाच टक्के प्रकाश परत फिरतो. लोलकांच्या दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर आत शिरलेल्या प्रकाशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाटेतच हरवतो. 1935 मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिशय पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली, आणि ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. भिंगावर तिरपे पाहिले की जी जांभळी-हिरवी झाक दिसते ती या लेपाची. पटी वाढवणाऱ्या कोणत्याही शोधापेक्षा या न दिसणाऱ्या थराने दुर्बीण अधिक बदलली, असे म्हणण्यास हरकत नाही.

इथून अंधाराचा प्रश्न सुरू होतो. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकच्या डोलकाठीवरच्या टेहळ्यांकडे दुर्बीण नव्हती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दुर्बीण असती तर हिमनग थोडा आधी दिसला असता, अशी साक्ष फ्रेडरिक फ्लीट या टेहळ्याने दिली. त्याच दुर्घटनेच्या ब्रिटिश चौकशीत दक्षिण ध्रुवप्रदेशाचे प्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन यांनी टेहळ्याला दुर्बीण देऊच नये असे मत मांडले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुर्बीण क्षितिजाचा एक लहान तुकडा मोठा करते आणि उरलेले क्षितिज झाकते. काहीतरी आहे हे डोळ्याने हेरायचे आणि ते काय आहे हे दुर्बिणीने ठरवायचे, ही जुन्या दर्यावर्द्यांची रीत.

तीस वर्षांनी जपानी नौदलाने दोन्ही कामे दुर्बिणीवरच सोपवली. रात्री चांगले दिसणारे खलाशी वेचून काढले, त्यांना कसून सराव दिला आणि 120 मिलिमीटर व्यासाच्या भिंगांच्या बैठ्या दुर्बिणी जहाजांवर बसवल्या. 1942 च्या 8 ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटापाशी मित्रराष्ट्रांकडे रडार होते, तरी जपानी टेहळ्यांनी त्यांची जहाजे आधी पाहिली. पहाटेपूर्वीच्या लढाईने चार मोठ्या क्रूझर बुडवल्या, हजारावर खलाशी मेले. त्या लढाईत जपानचे एकही जहाज बुडाले नाही. भिंग आणि सराव यांचा यंत्रावरचा हा बहुधा शेवटचा मोठा विजय.

कारण भिंगाला एक मर्यादा आहे आणि ती कोणत्याही लेपाने ओलांडता येत नाही. दुर्बीण दृश्य मोठे करते, परंतु त्याचा उजळपणा नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून वाढवू शकत नाही. अंधार वाढवून दाखवला तरी तो अंधारच. ही मर्यादा ओलांडायची तर प्रकाश काचेतून सोडून भागत नाही. त्याचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर करावे लागते. 1930 च्या दशकात हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत असे रूपांतर करणारी नळी तयार झाली. अदृश्य अवरक्त प्रकाश एका थरावर पडतो, तिथून इलेक्ट्रॉन निघतात, ते विजेच्या दाबाने पडद्यावर आदळतात आणि पडदा उजळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांच्या आणि अमेरिकनांच्या काही बंदुकांवर असे यंत्र बसले, सोबत अवरक्त किरणांचा दिवा. त्यात गोम ही की शत्रूकडे तसेच यंत्र असेल तर त्याला आपला दिवा लखलखीत दिसे.

1960 च्या दशकात व्हिएतनाममध्ये दिवा गेला. तारकांचा प्रकाश हजारो पटींनी वाढवणाऱ्या नळ्या आल्या. पुढच्या पिढीत काचेच्या पातळ चकतीत लाखो सूक्ष्म छिद्रे पाडून तेच काम नाण्याएवढ्या जागेत होऊ लागले, आणि त्यापुढच्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा थर आला. पडदा हिरवा ठेवला, कारण डोळ्याला हिरव्या रंगाची जाण सर्वांत तीव्र. अलीकडे पांढरा पडदाही वापरात आहे. 1991 मध्ये बगदादवरच्या हल्ल्याची हिरवी दृश्ये जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. ती पाहताना आपण युद्ध पाहतो आहोत असे वाटले, पण आवाज नसलेल्या त्या हिरव्या ठिणग्यांखाली माणसे होती हे स्वतःला मुद्दाम सांगावे लागे.

साहित्याच्या अभ्यासकाने इथे एक भेद ध्यानात घ्यावा. दुर्बिणीतून आपल्या डोळ्यात शिरणारा प्रकाश त्या वस्तूवरूनच निघालेला असतो. वाट वाकडी, पण प्रकाश तोच. रात्रदृष्टीच्या यंत्रात मूळ प्रकाश पहिल्या थरापाशीच संपतो आणि आपण पाहतो तो लहानसा पडदा. ते भाषांतर आहे : उत्तम असेल, तरी रंग, पोत आणि छाया गाळून केलेले. उष्णतेवर चालणारा थर्मल कॅमेरा आणखी पुढे जातो. त्याला प्रकाश लागतच नाही. तापमानांतल्या फरकाला तो उजेडाची छटा देतो. म्हणूनच झाडीत दडलेला प्राणी त्याला सापडतो, पण बंद खिडकीच्या काचेआडचा माणूस सापडत नाही, कारण साधी काच त्या किरणांना अपारदर्शक असते.

या इतिहासाचा धागा आपल्या गावापर्यंत येतो. प्रकाश वाढवणाऱ्या नळ्या भारतात बनवण्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1990 मध्ये डच कंपनी डेल्फ्टच्या सहकार्याने पुण्यात कारखाना काढला. डेल्फ्ट शहर हेगच्या शेजारीच आहे, जिथे लिपरशेने अर्ज केला होता.

मग निवड कशी करावी? वस्तुभिंगाच्या व्यासाला पटींनी भागा. नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे रोखली की ही चकती प्रत्यक्ष दिसते; ती गोल हवी, कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर लोलकांची काच हलकी. 7×50 मध्ये ती सात मिलिमीटरची, 8×42 मध्ये सव्वापाच, 10×25 मध्ये अडीच. काळोखात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर बहुधा पाचाच्या आतबाहेर. म्हणजे 7×50 ही विशीतल्या नौसैनिकासाठी घडलेली दुर्बीण आहे; आमच्या वयाच्या प्राध्यापकाने ती गळ्यात घातली तर जादा वजन तेवढे वाहायचे, जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया. बहुतेकांना 8×42 पुरते. दहा पटींच्या वर हाताचा कंपही तितक्या पटींनी वाढतो, आणि रस्त्यावर 'शंभर पटी' म्हणून विकली जाणारी दुर्बीण हे निखालस खोटे. चष्मा लावणाऱ्याने डोळा नेत्रभिंगापासून निदान पंधरा मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसते का ते पाहावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने नायट्रोजन भरून बंद केलेली घ्यावी. नाहीतर दोनतीन पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढते. लालभडक लेपाची घेऊ नये. तो लेप दृश्यातला लाल प्रकाशच परत पाठवतो.

रात्रदृष्टीच्या यंत्राचा मोह वन्यप्रेमींना होतो. वैशाखी पौर्णिमेला महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून जी रात्र काढतात, तिथे त्याची गरज कितपत आहे? काळोखाला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो, आणि पडद्याकडे एकदा पाहिले की तो सराव मोडतो. पौर्णिमेच्या चांदण्यात 8×42 मधून गवा पाण्यावर आलेला कळतो, त्याची शिंगे कळतात, पाठीशी वासरू आहे हेही कळते. अस्वल मात्र सावलीत उभे असेल तर ते हलेपर्यंत थांबावे लागते.